फायरवॉलच्या सेटिंगचे पान लॅपटॉपवर उघडत नाही

अभ्यासिका_लातूर:
नमस्कार. लातूरमध्ये आमची वीस संगणकांची अभ्यासिका असून मुले तेथे नीटच्या ऑनलाइन सराव परीक्षा देतात. आमच्याच दुसऱ्या शाखेतला फोर्टिगेट फायरवॉल (इंटरनेट आणि आपले संगणक यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी माहिती तपासणारे यंत्र) मी रिसेट करून लॅपटॉपला केबलने जोडला. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकले की इंटरनेटच्या मोडेमचे पान उघडते, फायरवॉलचे उघडत नाही. केबल बदलून पाहिली, तरी फरक नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

नेटवर्कवाला_नांदेड:
मोडेमचे पान दिसते याचा अर्थ आपला लॅपटॉप अजून वायफायवरून मोडेमशी बोलतो आहे, त्यामुळे आधी वायफाय बंद करा. रिसेट केलेल्या फोर्टिगेटचा पत्ता १९२.१६८.१.९९ असतो. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क (कोणते पत्ते एकाच नेटवर्कमध्ये मोडतात ते सांगणारा आकडा) द्या, मग ब्राउझरमध्ये सुरुवातीला https:// लावून फायरवॉलचा पत्ता उघडा. प्रमाणपत्राविषयी (पानाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याविषयी) इशारा येईल, कारण ते प्रमाणपत्र फायरवॉलने स्वतःच तयार केलेले असते. केबल थेट जोडलेली असताना पुढे जाण्यास हरकत नाही. युजरनेम अॅडमिन, पासवर्डची जागा रिकामी.

अभ्यासिका_लातूर:
सर, हाताने पत्ता देण्याआधी वायफाय बंद करून आयपीकॉन्फिग (लॅपटॉपचा पत्ता दाखवणारी विंडोजची आज्ञा) चालवून पाहिले, तर लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो.

संगणक_शिक्षक_परभणी:
असा पत्ता विंडोज स्वतःच घेते, कारण पत्ता देणारे समोर कोणी सापडलेले नसते. केबल बहुधा वॅन पोर्टात आहे. तो पोर्ट मोडेमसाठी असतो आणि बाहेरच्या कोणाला सेटिंगपर्यंत पोहोचता येऊ नये म्हणून तिकडून हे पान सहसा बंदच ठेवतात. केबल लॅन पोर्टात, म्हणजे आतल्या संगणकांसाठीच्या पोर्टात घाला.

अभ्यासिका_लातूर:
केबल वॅनमध्येच होती! लॅनमध्ये घातल्यावर पान उघडले आणि आत शिरताच नवा पासवर्ड ठेवण्यास सांगितले गेले. आपणा दोघांचे मनापासून आभार.

नेटवर्कवाला_नांदेड:
आनंद झाला, पण मोडेम जोडण्याची घाई करू नका. मोडेम आणि फायरवॉलची लॅन बाजू दोन्ही १९२.१६८.१ याच मालिकेत राहिले, तर पाकीट (माहितीचा तुकडा) कोणत्या बाजूला पाठवायचे हे फायरवॉलला ठरवता येणार नाही. म्हणून लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा, आणि डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते देणारी सोय) चालू असेल तर त्याची पत्त्यांची श्रेणीही त्याच मालिकेत न्या. पत्ता जतन करताच समोरचे पान अडकेल. अनेक जण येथे घाबरून पुन्हा रिसेट करतात आणि सारी मेहनत वाया जाते. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१०.५० करून नव्या पत्त्यावर जा, पान उघडेल. मुलांच्या परीक्षा या यंत्रावर अवलंबून राहणार आहेत, तेव्हा सर्व नियम लावून झाल्यावर सेटिंगचा बॅकअप घ्या आणि ती फाइल मुलांच्या संगणकांवर न ठेवता वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.