ईसीजी नॉर्मल, तरीही...
ईसीजी (हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या धमन्यांत ब्लॉकेज नाही, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. ते मला धोक्याचं वाटतं. धमनी साधारण 70 टक्के अरुंद झाली तरी बसल्याजागी हृदयाला रक्त पुरतं, त्यामुळे तेव्हाचा आलेख साफ दिसू शकतो. जिना चढताना मागणी वाढते आणि छाती भरून येते. म्हणून तर स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) किंवा सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचा सीटी स्कॅन) सुचवतात. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या तरी धमनी आकसणं, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दोष ही कारणं उरतातच. मधुमेहींना कधीकधी दुखतही नाही, नुसती धाप लागते. आणि दुखणं विश्रांतीतही थांबत नसेल, तर कृपया चाचण्यांची चर्चा सोडून थेट रुग्णालय गाठा. तिथे ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही तासांनी पुन्हा तपासतात.