मदत हवी आहे: मोठ्या माणसांसाठी कॉमिक्सचं एक कपाट लावायचं आहे, काय काय घेऊ?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. यंदाच्या खरेदीतले १२,००० रुपये मोठ्यांच्या कॉमिक्ससाठी वेगळे काढायला कार्यकारी मंडळाने बऱ्याच चर्चेनंतर होकार दिलाय. पंधरा दिवसांत यादी द्यायची आहे. पैसे एकदाच मिळणार, म्हणून चुकीची पुस्तकं यायला नकोत.

हे सुरू कसं झालं ते सांगते, म्हणजे आमचे वाचक कसे आहेत ते कळेल. दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबाने घर बदलताना दोन खोकी पुस्तकं देणगी दिली. एका खोक्यात मराठी इंद्रजाल कॉमिक्स होती, वेताळ, मँड्रेक, बहादूर, काहींची मुखपृष्ठं गेलेली. दुसऱ्यात आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'चा पहिला भाग आणि मार्जान सत्रापींचं 'पर्सेपोलिस'. मी सगळ्यांची दाखल नोंदवहीत नोंद केली आणि चित्रं दिसली म्हणून सगळीच बालविभागात लावली. चूक माझीच. आठवड्याभरात पाचवीतली एक मुलगी 'माउस' घेऊन गेली. उंदरांची गोष्ट म्हणून!

तिसऱ्या दिवशी तिचे आजोबा पुस्तक घेऊन आले. मला वाटलं, आता तक्रार येणार. ते निवृत्त पोस्टमास्तर. टेबलापाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "नातीला दिलं नाही मी. दोन रात्री स्वतःच वाचलं. याचा पुढचा भाग आहे का?" पहिला भाग संपतो तेव्हा मुलाला, म्हणजे खुद्द लेखकाला, कळतं की आईने लिहून ठेवलेल्या वह्या वडिलांनीच जाळून टाकल्यात. नाझींच्या छळछावणीतून जिवंत परतलेला तो म्हातारा माणूस, आणि त्याच्यावर संतापलेला मुलगा. आजोबांना ते पान मनातून जाईना. यहुदी म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, ही कल्पना ऐकायला पोरकट वाटते, पण वाचताना दहाव्या पानापर्यंत आपण मुखवटे विसरतो आणि माणसंच दिसायला लागतात. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला, हे मंडळापुढे सांगितल्यावर माझं काम थोडं सोपं झालं. दुसरा भाग मी माझ्या पैशाने आणला.

तेव्हापासून सातआठ जणांचा गट तयार झालाय. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना 'पर्सेपोलिस' फार लागलं. इराणमधली क्रांती, नंतरचं युद्ध, शाळेत अचानक सक्तीने आलेला हिजाब, हे सगळं एका दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी. चित्रं निव्वळ काळीपांढरी, राखाडी छटासुद्धा नाही. त्या म्हणतात, "वर्गातल्या फळ्यासारखं आहे बघ, एकही रेघ फुकट नाही." पंपावर काम करणारा एक तरुण आहे, तो फक्त इंद्रजाल वाचतो आणि तशीच, पण 'जरा मोठ्यांची' मागतो. दोघेतिघे असे आहेत की इंग्रजी परिच्छेद समोर आला की पुस्तक मिटतात, पण संवादाच्या फुग्यातली दोन वाक्यं लावून घेतात. माझ्या मते कॉमिक्सचं खरं बळ इथे आहे. चित्र आधी अर्थ सांगतं आणि भाषा मागून येते.

तिसरं पुस्तक 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं, तेही मीच आणलेलं. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. यातला मसूर स्टेशनचा प्रसंग आमच्याच जिल्ह्यातला. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव आणि बरोबरची मुलं स्टेशनवर अडकतात, जात कळल्यावर गाडीवान तयार होईना, शेवटी दुप्पट भाडं घेऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर निघतो, आणि वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. पानांवर चौकटी नाहीत, गोंड भिंतींवर काढतात तशा नक्षीने प्रसंग वेगळे केलेत. मऊ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही कोण कसं बोलतोय ते लगेच कळतं. मसूरला रोज जाणाऱ्या एका वाचकाने ते पान मला तीनदा उघडून दाखवलं.

आता माझे प्रश्न.

एक लांबलचक मालिका घ्यावी की सुटी पुस्तकं? मालिकेचा एक भाग हरवला तर बाकीचे कपाटात पडून राहतात, हा आमचा जुना अनुभव. तरी लोकांना 'पुढे काय' हवं असतं, आजोबांसारखं.

मराठीत, किंवा शब्दच नसलेलं, असं मोठ्यांसाठी काही आहे का?

आणि अवघड प्रश्न. काही पुस्तकांत नग्नता, हिंसा असते. ती कुलुपात ठेवायची नाहीत, पण बालविभागाच्या हाताला लागू नयेत. तुमच्या वाचनालयात काय करतात?

प्रतिसाद १

ताई, मालिका घ्यायचीच असेल तर जपानी चित्रकार ओसामु तेझुकांची 'बुद्ध' घ्या. इंग्रजीत आठ खंड, भारतातली आवृत्ती मिळते. सिद्धार्थाच्या आधी गोष्ट सुरू होते ती चाप्रा नावाच्या गुलाम मुलापासून आणि तत्ता नावाच्या जातीबाहेरच्या पोरापासून. पहिला खंड वाचून संपेपर्यंत राजपुत्र जेमतेम जन्माला येतो! भीमायन वाचणाऱ्यांना हे नक्की धरून ठेवेल. तत्ता बराच काळ उघडानागडा हिंडतो, मंडळातल्या कुणी पान उघडलंच तर आधीच कल्पना देऊन ठेवा.

पंपावरच्या भावाला नाओकी उरासावांची 'मॉन्स्टर' द्या. जर्मनीतला जपानी मेंदूशल्यविशारद एका मुलाचा जीव वाचवतो, आणि पुढे तोच मुलगा खुनी निघतो. जुन्या छपाईत १८ भाग आहेत, म्हणून सगळे घेऊ नका, पहिले दोन घ्या आणि बघा. हे उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. मुखपृष्ठावर मराठीत चिठ्ठी चिकटवा, नाहीतर लोक शेवटापासून सुरू करतील.

प्रतिसाद २

बिनशब्दांचं हवं तर शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल', डोळे मिटून घ्या. एक माणूस बायको आणि मुलीला मागे ठेवून परक्या देशात जातो. एकही शब्द नाही, आणि त्या देशातल्या पाट्यांची लिपीसुद्धा चित्रकाराने स्वतः बनवलेली, त्यामुळे आपणही त्या माणसाइतकेच अडाणी होऊन शहरात फिरतो. माझे वडील गिरणीत नोकरीला म्हणून कोकणातून मुंबईला आले होते. त्यांनी हे पुस्तक अर्धा तास हातात धरलं आणि मग पहिल्यांदाच दादर स्टेशनावरच्या त्यांच्या पहिल्या रात्रीबद्दल बोलले. महाग आहे, पण बारा हजारांत बसवाच.

दुसरं, विल आइस्नर यांचं 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड', १९७८ सालचं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका भाड्याच्या इमारतीतल्या चार गोष्टी. ज्यांनी चाळ पाहिलीय त्यांना जिन्यावरची भांडणं आणि भिंतीपलीकडचे आवाज ओळखीचे वाटतील. यात मोठ्यांचे प्रसंग आहेत, मुलांना नको.

कपाटाबद्दल: आमच्याकडे ही पुस्तकं देवघेवीच्या टेबलामागे कथा-कादंबऱ्यांतच लावतात, लेखकाच्या नावाने. वेगळा फलक लावला तर मुलं आधी तिथेच धावतात.

प्रतिसाद ३

'अ गार्डनर इन द वेस्टलँड' राहिलं. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वर (१८७३) आधारलेलं, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांचं. दोघीजणी स्वतःच पानांवर येऊन वाद घालतात. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४) नर्मदा आंदोलनावरचं, पुन्हा छापलं गेलंय. आणि आणीबाणी आठवणारे सभासद असतील तर विश्वज्योती घोष यांचं 'दिल्ली काम' (Delhi Calm). आजोबांना तेच द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीत 'द अरायव्हल', 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', 'रिव्हर ऑफ स्टोरीज', 'दिल्ली काम', आइस्नर आणि 'बुद्ध'चे पहिले तीन खंड घातले. उरले तर 'मॉन्स्टर'चे दोन. कथा-कादंबऱ्यांत लावायची सूचना मंडळाला पटली, आणि माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

मराठीचा मार्ग शिक्षिकाबाईंनीच काढलाय. सासूबाईंना वाचता यावं म्हणून त्या 'पर्सेपोलिस'चे फुगे दोनशे पानी वहीत मराठीत उतरवतायत, पानाचा आणि चौकटीचा आकडा टाकून. पुस्तक डाव्या हाताला, वही उजव्या. काल चाळिसाव्या पानापर्यंत आल्या. 'भीमायन'साठी अशी वही करायला कुणी तयार असेल तर पुस्तक मी पोस्टाने पाठवते.