मदत हवी आहे: नाला चढलेला असताना मोठा पाइप उपयोगी पडेल का?

आमची गल्ली बशीसारखी खोलगट आहे. तासभर जोराचा पाऊस झाला की गुडघाभर पाणी साचतं आणि तळमजल्यावरच्या आठ घरांत शिरतं. त्यातल्या दोन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत.

सध्याची पावसाळी वाहिनी ४५० मिमीची, उतार ३०० ला १. माझ्या हिशेबाने ती भरून वाहिली तरी सेकंदाला १६५ लिटरच नेते. पाणी येतं सुमारे ४ हेक्टरवरून, बहुतेक सगळं काँक्रीट. ताशी ५० मिमी पाऊस (मुंबईच्या ब्रिमस्टोवॅड या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात धरलेला) आणि ८० टक्के पाणी वाहून येईल असं धरलं तर सेकंदाला ४४४ लिटर!

मे महिन्यात गाळ काढून घेतला, जाळ्या मोठ्या बसवल्या. फरक पडला तो हलक्या सरींपुरता. सांडपाण्याची लाइन वेगळी आहे. रस्ता उंच करणं नकोच, पाणी थेट उंबऱ्यावर येईल.

या वाहिनीच्या नव्या आराखड्यात आता ९०० मिमीचा पाइप सुचवलाय. पण वाहिनी ज्या नाल्यात सुटते, त्याचं पाणी मोठ्या पावसात वाहिनीच्या तोंडाच्या दीड फूट वर चढतं, हे आम्ही तीन पावसाळे मोजलंय. मग पाइप केवढाही असला तरी पाणी जाणार कुठे? तोंडाशी फ्लॅप गेट (फक्त बाहेरच्या दिशेने उघडणारं झाकण) लावलं तर नाल्याचं पाणी उलटं येणार नाही, पण आमचंही आतच अडकेल. म्हणून मुंबईत हिंदमाताच्या सखल भागासाठी केल्या तशी भूमिगत टाकी, वर पंप, असं सुचवावंसं वाटतं. कोपऱ्यावरची बाग ३० बाय ४० मीटर आहे. तासाभराचं पाणी सुमारे १६०० घनमीटर होतं.

हरकती द्यायला १५ दिवस आहेत. टाकी किती तासांच्या पावसासाठी धरायची, आणि नाल्याची पूरपातळी हिशेबात घेतली आहे की नाही हे तपासायला नेमके कोणते नकाशे, कोणती आकडेमोड मागायची?