सासरच्या मंडळींबरोबर डोंगरात जाताना फोटोग्राफीचं कसं जमवायचं?

धुकंवेडी

नमस्कार मंडळी. महिनाअखेरीस नवऱ्याच्या घरच्यांबरोबर बर्फाच्या डोंगरात जातेय. सासूबाई, सासरे, नणंद, तिचे यजमान आणि त्यांची सहा वर्षांची लेक. मुक्काम साधारण २,८०० मीटर उंचीवर.

एरवी मी एकटी जाते, नाहीतर फोटोवाल्या कंपूबरोबर. तिथे अंधारात उठून एकाच दगडापाशी दोन तास बसून राहिलं तरी कुणी "अजून किती वेळ?" असं विचारत नाही. या वेळी सगळ्यांचं मिळून एकच वेळापत्रक असेल. न्याहारी आटपून गाडीत बसेपर्यंत ऊन चांगलं कडक झालेलं असणार. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तू आहेस म्हणजे सगळ्यांचे छान फोटो निघतील." ते फोटो मला मनापासून काढायचेच आहेत. पण या शिखरांची मी कधीची वाट बघतेय, तेही हातचं जायला नको.

नवरा म्हणतो, "काय सांगायचं ते तू ठरव, घरी मी बोलतो." तर काय सांगू? आणि सामान किती नेऊ?

तीनपाया

धुकंवेडी, मी बायकोच्या माहेरच्या मंडळींबरोबर डोंगरात बरंच हिंडलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुक्कामाची जागा बघ. उगवतीचं ऊन डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगावर पडतं. शिखर तुमच्या पश्चिमेला असेल तर उजाडताना ते थेट समोर उजळतं. पूर्वेला असेल तर सूर्य त्याच्या पाठीमागून येणार आणि तुला नुसती काळी कड मिळणार. खोल्या पक्क्या करण्याआधी नकाशा उघडून एवढं तपासच. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास. जूनमध्ये तो ईशान्येकडे सरकलेला असतो, डिसेंबरमध्ये आग्नेयेकडे. हे धरून कोन काढ. गच्चीतून किंवा चार पावलांवरून शिखर दिसत असेल तर निम्मं काम तिथेच झालं. गाडी नको, कुणाची झोपमोड नको.

आता वेळापत्रकाचं. तुला वाटतंय तेवढी ओढाताण होणार नाही. रात्री हवा गार होऊन खाली बसलेली असते, म्हणून पहाटे दूरचं स्वच्छ दिसतं. ऊन चढलं की दरीतली तापलेली हवा बाष्प घेऊन वर सरकते आणि दुपारपर्यंत शिखरांभोवती ढग जमायला लागतात. म्हणजे घरची मंडळी न्याहारीला बसतील तोवर तुझं महत्त्वाचं काम उरकलेलं असेल. सूर्य क्षितिजाखाली असतानाच वरच्या बर्फावर गुलाबी झाक येते, तेव्हा तू जागेवर हवीस. मग टोक केशरी होतं आणि उन्हाची रेघ हळूहळू खाली उतरते. वरचा बर्फ तापल्यासारखा दिसतो आणि खालची घळ अजून निळीच असते. निळं आणि केशरी एका फ्रेममध्ये असतं ते फार थोडा वेळ. त्या वेळी लेन्स बदलत बसू नकोस. काय काढायचं ते आदल्या संध्याकाळी फिरून ठरवून ठेव.

घरी सांगायचं ते असं: "उजाडायच्या आधीपासून न्याहारीपर्यंत ती बाहेर असेल, तिच्यासाठी कुणी उठायचं नाही. न्याहारीनंतर ती पूर्णपणे आपल्यात. आणि एक संध्याकाळ तिची." त्या संध्याकाळी बाकीच्यांनी गाडीने परत जायचं, तू आणि नवरा मागाहून या. मात्र न्याहारीनंतर खरोखरच त्यांच्यात राहा. दिवसा "पाच मिनिटं थांबा" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. कड्यावरची सावली हलायला अर्धा तास जातो हे तुला माहीत आहे, त्यांना नाही. सासरे गाडीत ताटकळले की पुढच्या थांब्यावर तुला दोन मिनिटंसुद्धा मागवणार नाहीत.

सामान: एक वाइड लेन्स (रुंद दृश्य मावणारी), एक ७०-२०० (दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स), हलका ट्रायपॉड. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, जपून वापर. उंचावर आकाश आधीच गडद असतं आणि सूर्यापासून ९० अंशांवर फिल्टरचा परिणाम सर्वांत जास्त होतो. वाइड लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा काळपट पडतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. बर्फाने फ्रेम भरली असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला करडं करायला बघतो. एक्स्पोजर एक ते पावणेदोन स्टॉप वर ने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजवीकडे कापला जात नाही ना ते बघ.

डोंगरांच्या फोटोंसाठी गाजलेल्या अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सने १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीतल्या हाफ डोम या कड्याचा जो फोटो काढला, तेव्हा तोही एकटा नव्हता. मित्र होते आणि व्हर्जिनिया बेस्ट होती, जिच्याशी पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं. तिचे वडील चित्रकार, त्याच दरीत त्यांचा स्टुडिओ होता. वर पोचेपर्यंत जवळ दोनच काचा (तेव्हा फिल्मऐवजी वापरायच्या त्या काचेच्या निगेटिव्ह) उरल्या होत्या. पहिली पिवळा फिल्टर लावून वापरली. आकाश मनासारखं गडद येणार नाही असं वाटून शेवटच्या काचेला गर्द लाल फिल्टर लावला, आणि गाजला तो हाच फोटो. मोजकं सामान आणि सोबतीला माणसं असताना काम होतं, असं माझं ठाम मत आहे.

उतारावरचा

तीनपाया दादांनी प्रकाशाचं सांगितलंच आहे, मी उंचीचं सांगतो. २,५०० मीटरच्या वर उंची बाधू शकते, आणि तिला वयाचं किंवा तब्येतीचं फारसं सोयरसुतक नसतं. पहिला दिवस सगळ्यांनीच सावकाश घ्या. पुढे ३,००० च्या वर मुक्काम असेल तर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखतंय आणि मळमळतंय असं कुणी म्हटलं तर आणखी वर चढायचं नाही, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. सासरे-सासूबाईंना निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगा.

कॅमेऱ्याचं एकच. जादा बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर बसतात. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

सावलीतली फ्रेम

धुकंवेडी, सासूबाईंच्या फोटोंबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. ते काम दुय्यम समजू नकोस गं. भर उन्हात त्यांना सूर्याकडे तोंड करून उभं केलंस तर डोळे मिटणार आणि डोळ्यांखाली सावल्या पडणार. एखाद्या कड्याच्या सावलीत उभं कर किंवा सूर्य पाठीशी घे. मग तू लांब जा आणि ७०-२०० लाव. मागचं शिखर मोठं होऊन त्यांच्या खांद्याशी येतं. वाइडने जवळून काढलंस तर तेच शिखर बोटभर दिसेल.

सगळ्यांना रांगेत उभं करून एक काढ, तो हवाच असतो. मग कॅमेरा खाली न ठेवता तशीच थांब. रांग मोडते, सासरे शालीचं टोक सासूबाईंच्या खांद्यावर सारखं करतात, पोरगी बर्फाला हात लावून बघते. माझ्या सासूबाईंनी भिंतीवर लावलेला फोटो असाच रांग मोडल्यानंतरचा आहे. आणि डोंगराकडे बघणारं पाठमोरं माणूस लँडस्केपमध्येही घे. शिखर किती मोठं आहे ते त्यावरून कळतं.

धुकंवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशा बघितला. शिखर मुक्कामाच्या वायव्येला आहे आणि गच्ची त्याच बाजूला उघडते! नवऱ्याने घरी सांगितलं, सासरे लगेच "हो" म्हणाले. आता नवीनच प्रश्न आलाय. भाचीने ते ऐकलं आणि ती म्हणते, "मामी, पहाटे मी पण येणार." नेऊ का?

तीनपाया

ने की, पण एकच पहाट, आणि तीसुद्धा दोन दिवस राहून अंगाला उंचीची सवय झाल्यावर. तिची आई सोबत उठलेली असू दे, म्हणजे पोरगी कंटाळली तर खोलीत परत नेता येईल. टोपी, हातमोजे, पायांत कोरडे मोजे. त्या दिवशी ट्रायपॉड कठड्यापासून दूर लाव आणि एकच फ्रेम धर. रिमोटचं बटण तिच्या हातात दे. ऊन टोकाला लागलं की दाबायचं, एवढं आदल्या रात्री समजावून ठेव.