लीडरचं ऐकलं नाही म्हणजे विश्वास कच्चा का?

पुणेरी_पाखरू:
मला बंगलोरला चांगला जॉब मिळतोय. आमच्या सेल ग्रुपचे (चर्चमधला प्रार्थनेचा छोटा गट) लीडर म्हणतात मी प्रार्थना केली, ही देवाची योजना नाही, जाऊ नकोस. मी म्हटलं विचार करते, तर लगेच बायबलमधलं इब्री १३:१७ काढलं, अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, आणि वर आज्ञापालन नाही तिथे विश्वास नाही असंही ऐकवलं. तारण (पापातून सुटका) विश्वासाने आहे ना, मग हे आज्ञापालन नक्की कोणाचं आणि कुठपर्यंत? घरी आई पण त्यांच्याच बाजूने आहे त्यामुळे डोकं आउट झालंय

नगरचा_जुना_मेंबर:
ताई, दोन गोष्टींची गल्लत होतेय. विश्वास आहे तर तो वागण्यात दिसणारच, बायबलमध्ये याकोब सरळ म्हणतो क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. मत्तय २१ मधले दोन मुलगे बघा, एक म्हणाला जातो बाबा आणि गेलाच नाही, दुसरा नाही म्हणाला पण नंतर पस्तावून मळ्यात गेला, बापाचं ऐकलं कोणी ते येशूने लोकांनाच विचारलं. आणि शौल राजा! अमालेकी या शत्रू जमातीचं सगळं नष्ट कर असा देवाचा हुकूम होता, याने चांगली चांगली मेंढरं ठेवून घेतली आणि शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल म्हणाला मग हे मेंढरांचं बेंबें काय ऐकू येतंय? तर म्हणे यज्ञासाठी ठेवलीत 😄 आपण सगळे हेच करतो, आपल्याला हवं तेवढं पाळायचं आणि वर देवाचं नाव लावायचं. पण तुमचा जॉब कुठल्या आज्ञेत बसतो ते लीडरना वचन दाखवून सांगू दे की.

वसई_किल्ला:
मी कॅथलिक, आमच्याकडे आज्ञापालन हे चक्क व्रत असतं, सिस्टर लोक दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. फादरच्या दीक्षेच्या वेळी तो गुडघे टेकून जोडलेले हात बिशपच्या (वरिष्ठ धर्मगुरूच्या) हातांत ठेवतो आणि तुमच्या व तुमच्या वारसांच्या आज्ञेत राहीन असं वचन देतो, बघताना अंगावर काटा येतो. तरी तिथेही वरच्याने पाप करायला सांगितलं तर ऐकायचं नसतं. आणि ते वचन त्यांनी स्वतःहून दिलेलं असतं, तुम्ही सेल ग्रुपला असं काही लिहून दिलंय का?

केडगाव_पॅसेंजर:
पंडिता रमाबाई आठवा. १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या सिस्टरांशी वाद सुरू, चर्च सांगतं म्हणून सगळं मानायला तयार नव्हत्या. पत्रात लिहिलंय की भारतातल्या पुरोहितांचं जू आत्ता कुठे मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. पण हीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आली, त्यातूनच केडगावचं मुक्ती हे निराधार बायकामुलींचं घर उभं राहिलं. देवाने सांगितलंय असं मनापासून वाटलं की मागे हटायची नाही. अशा बाईला आज्ञा न पाळणारी कोण म्हणेल!

स्पष्टवक्ता_७७:
रमाबाईंचं नाव घेऊन सगळेच सुटतात हो. प्रेषित ५:२९ आपल्याला पाठ, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, पण येशूचा शिष्य पेत्र याने ते फटके खायची तयारी ठेवून म्हटलं होतं. जॉब घ्या ना, पण भावाशी जमिनीवरून बोलणं बंद असेल तर त्याला आधी फोन लावायचा, तिथे आज्ञा अगदी क्लिअर आहे, आधी भावाशी समेट कर, मत्तय ५ वाचा. तिथे कोणी प्रार्थना करून बघतो म्हणत नाही.

पुणेरी_पाखरू:
भाऊ नाहीये मला 😅 पण काकूशी आहे तसं, ते लागलं. लीडरना रविवारी सर्व्हिसनंतर आईच्या समोरच विचारते, वचन कुठलं ते. ऑफर लेटरला शुक्रवारपर्यंत रिप्लाय द्यायचाय, एचआरकडून सोमवारपर्यंत वेळ मागून घेते.

वसई_किल्ला:
मागा. आणि तिथे पोचल्यावर चर्च शोधायला आळस करू नका म्हणजे झालं, लीडरना बहुतेक तीच भीती असेल.