मदत हवी आहे: पाड्याजवळच्या चर्चच्या मराठी शाळेसाठी

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला आमच्या पॅरिशची पहिली ते चौथीची छोटी, विनाअनुदानित मराठी शाळा आहे. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरांतली मुलं आता इंग्रजी माध्यमात जातात, वर्गात बहुतेक वारली पाड्यांवरची. पावसात चिंब होऊन आलेल्यांची डोकी सिस्टर आधी टॉवेलने पुसतात, मग पाढे सुरू. चारही वर्ग त्या एकट्याच सांभाळतात, हे मला बघवत नाही.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने आमच्यासारख्या अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या. मग दुसऱ्या शिक्षकाचा पगार कुठून उभा करायचा? सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी), की माजी विद्यार्थ्यांचा निधी? अशी शाळा प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी कृपया सांगा. डीएड झालेलं कुणी जवळपास राहत असेल तर तेही कळवा.