शॉर्ट सेलच्या घरासाठी ऑफर किती द्यावी? तातडीने मदत हवी आहे

तळ्यात_मळ्यात

नमस्कार. शॉर्ट सेलमध्ये निघालेले एक घर घेण्याचा आमचा विचार आहे आणि शुक्रवारपर्यंत लेखी ऑफर द्यायची आहे. घराची किंमत ४,३५,००० डॉलर लावलेली आहे. बुडीत चाललेल्या कर्जातून बँकेला कसेही करून मोकळे व्हायचे असते, तेव्हा ३,९०,००० पासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. पत्नीचे म्हणणे असे की घासाघीस न करता पूर्ण किंमत द्यावी. आमचा सध्याचा भाडेकरार ऑगस्टअखेर संपतो, त्यामुळे तोपर्यंत ताबा मिळायला हवा. मालकांशी बोलणे झाले आहे, त्यांची काही हरकत नाही. शॉर्ट सेल म्हणजे कर्जाच्या थकबाकीपेक्षा कमी किमतीला, बँकेच्या संमतीने होणारी विक्री, हे मला ठाऊक आहे, कृपया तेथून सुरुवात करू नये. फक्त आकडा सांगावा.

कागदवाला

आकडा सांगता येईल, पण त्यासाठी लागणारी एकही माहिती आपण दिलेली नाही. घर कोणत्या राज्यात आहे? त्यावर कर्ज एकच आहे की दोन? लावलेली किंमत बँकेने आधी मान्य केलेली आहे की एजंटाने अंदाजाने लावली आहे? मालकांनी आपल्या आर्थिक अडचणीचे पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेची खातेपत्रके आणि कर विवरणपत्रे असा संपूर्ण अर्ज बँकेत दिला आहे का? लिलावाची तारीख लागली आहे का? मालकांची हरकत नसणे ही चांगली गोष्ट आहे, परंतु शॉर्ट सेलमध्ये करारावर सही मालकाची असली तरी होकार बँकेचा लागतो, आणि तो आल्याशिवाय त्या कराराला फारसा अर्थ नसतो.

तळ्यात_मळ्यात

न्यू जर्सी, एडिसनच्या जवळ. मुख्य कर्ज एक आहे आणि घरावर घेतलेले दुसरे छोटे कर्ज आहे, ते किरकोळ आहे. किंमत एजंटाने आसपासचे व्यवहार पाहून लावली. लिलावाची तारीख लागलेली नाही. बँकेतला अर्ज ऑफर मिळाल्यावर पूर्ण होईल असे एजंट म्हणतात. आता तरी आकडा सांगा.

जुना_पापी

मी २०१० मध्ये शॉर्ट सेलचे घर घेतले आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो. ऑगस्ट विसरा. आमची ऑफर मालकाने दोन दिवसांत स्वीकारली आणि बँकेने सात महिने घेतले. मधल्या काळात आमच्या फाइलवरचा अधिकारी तीनदा बदलला आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने जुनी झालेली खातेपत्रके मालकाकडून पुन्हा मागवली. शेवटी मंजुरीचे पत्र आले, त्यात व्यवहार तीस दिवसांत पूर्ण करण्याची अट होती आणि किंमत आमच्या ऑफरपेक्षा ११,००० डॉलरने वाढवलेली होती. कारण बँक आपला एक ब्रोकर पाठवून घराच्या किमतीचा अंदाज मागवते आणि तुमची ऑफर त्या अंदाजाशी ताडून पाहते. मालकाचे कर्ज किती, तुम्हाला घर किती आवडले, याच्याशी तिला देणेघेणे नसते. ३,९०,००० दिलेत आणि अंदाज ४,३०,००० चा आला तर फाइल परत येईल आणि दोन महिने फुकट जातील. पूर्ण किंमत द्या.

पाऊसवेडी

मी याच्याशी सहमत नाही. पूर्ण किंमत देणे म्हणजे बँकेचे काम आपण करून देणे आहे. आम्ही २०११ मध्ये घेतलेल्या घराच्या तळघरात पाणी शिरत होते आणि छत संपलेले होते. आमच्या एजंटाने छताच्या आणि तळघराच्या दुरुस्तीचे लेखी अंदाज घेतले, छायाचित्रे काढली आणि बँकेचा ब्रोकर घर पाहायला आला त्या दिवशी लिस्टिंग एजंटामार्फत, म्हणजे विक्रेत्याच्या एजंटामार्फत, ती सर्व त्याच्या हातात दिली. तो घराबाहेरून गाडीतूनच पाहून गेला असता तर त्याला यातले काहीच दिसले नसते. लावलेल्या किमतीपेक्षा नऊ टक्के कमी असलेली आमची ऑफर मंजूर झाली. कमी आकडा देण्यात गैर काही नाही. त्याच्यामागे कागद नसणे हीच खरी अडचण असते.

जुना_पापी

२०११ सालचा बाजार आणि आजचा बाजार एक नव्हे, ताई. तेव्हा रस्त्यावरचे प्रत्येक तिसरे घर विकायला काढलेले होते. आज न्यू जर्सीत चांगल्या शाळांच्या भागात घरांचाच तुटवडा आहे.

सदाशिव_पेठकर

आपण पुण्यात बँकेच्या लिलावातील सदनिका का पाहत नाही? २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस देते, नंतर ताबा घेऊन ऑनलाइन लिलाव करते. राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत भरायची, बोली लागली की अनामतीसह पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी आणि उरलेले पंधरा दिवसांत. मी अशी दोन घरे घेतली आहेत. सोसायटीची थकबाकी मात्र स्वतः जाऊन पाहावी, जाहिरातीत ती बहुधा लिहिलेली नसते.

पाऊसवेडी

पेठकर, त्यांच्या मुलांची शाळा एडिसनजवळ असेल तर पुण्यातल्या सदनिकेचा त्यांना काय उपयोग? शिवाय ती जप्तीनंतरची विक्री आहे. येथे घर अजून मालकाच्याच नावावर आहे.

हिशेबनीस

धागाकर्त्यांनी ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलेले दुसरे कर्ज मला सर्वात महत्त्वाचे वाटते. घर विकून आलेले पैसे पहिल्या बँकेलाच पुरत नाहीत, म्हणजे दुसऱ्या बँकेच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. तरीही तिने आपला बोजा उतरवल्याशिवाय स्वच्छ टायटल, म्हणजे निर्वेध मालकीहक्क, मिळत नाही. तिला किती द्यायचे हे पहिली बँक ठरवते आणि ती रक्कम दुसऱ्या बँकेला अपमानास्पद वाटते. पुष्कळ व्यवहार किमतीवर फसत नाहीत, या भांडणात फसतात. म्हणून टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काची आणि बोजांची तपासणी, आताच करून घ्या, मंजुरीची वाट पाहू नका. मालमत्ता कर, सांडपाण्याचे बिल, मालकावरचे न्यायालयीन निवाडे, प्राप्तिकराची थकबाकी, जे काही निघायचे ते आधीच निघू द्या.

दुसरी गोष्ट एजंटाच्या कमिशनची. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराच्या एजंटाशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात त्याचा मोबदला लिहिलेला असतो. शॉर्ट सेलमध्ये बँक कमिशनला कात्री लावते. कात्री लागल्यावर उरलेला फरक तुमच्या खिशातून जाणार का, हे त्या करारात आजच वाचा.

जुना_पापी

दुसऱ्या बँकेचा उपाय सोपा आहे. आम्ही तिला ४,००० डॉलर बाहेरून दिले आणि प्रश्न मिटला.

हिशेबनीस

असा सल्ला कृपया येथे देऊ नये. हिशेबाच्या अंतिम पत्रकात न दाखवता दिलेला एक डॉलरसुद्धा पहिल्या बँकेची फसवणूक ठरतो. पैसे द्यायचेच असतील तर ते पत्रकात दाखवून, दोन्ही बँकांच्या लेखी संमतीने द्यावेत.

जुना_पापी

तेव्हा सगळे देत होते.

कागदवाला

त्यातले काही जण पुढे न्यायालयातही गेले. असो. ऑफरकडे वळतो, कारण शुक्रवार जवळ येतो आहे.

आकड्याइतक्याच, किंबहुना जास्त, महत्त्वाच्या तिच्यातील अटी असतात. ऑफर बँकेच्या लेखी मंजुरीवर अवलंबून असल्याचे स्पष्ट लिहावे आणि मंजुरीसाठी मुदत घालावी. नव्वद दिवसांत ती आली नाही तर इसार परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क आपल्याकडे राहिला पाहिजे. इसार वकिलाच्या ट्रस्ट खात्यात राहावा आणि मोठी रक्कम मंजुरीनंतरच भरावी. व्यवहार पूर्ण करण्याची मुदत करारावरील सहीपासून मोजू नये, मंजुरीच्या पत्रापासून मोजावी. आपल्या कर्जाचा व्याजदर आत्ताच लॉक केला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पक्का केला, तर तो मंजुरी येण्यापूर्वीच संपेल आणि मुदतवाढीचे शुल्क आपल्याला बसेल. न्यू जर्सीत एजंटाने तयार केलेल्या करारावर वकिलाच्या तपासणीसाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात, या अटी त्या तीन दिवसांत घालता येतात.

घराची तपासणी केव्हा करावी यावर मतभेद आहेत. मंजुरीआधी केली आणि बँकेने नकार दिला तर खर्च वाया जातो. तरीही एक गोष्ट मी आधीच करतो: जमिनीत पुरलेली तेलाची टाकी आहे का, हे यंत्र फिरवून पाहून घेतो. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत एकेकाळी तेलावर घर तापवत असत, पुढे गॅस आला आणि टाक्या तशाच मातीत राहिल्या. टाकी गळली असेल तर माती काढण्याचा खर्च दहा-वीस हजारांच्याही पुढे जाऊ शकतो, आणि शॉर्ट सेलमध्ये घर जसे आहे तसे विकले जात असल्यामुळे तो बँक देणार नाही आणि मालकाकडे पैसेच नाहीत.

पाऊसवेडी

माझ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले तर बरे होईल. घरात सध्या कोण राहते? हिवाळ्यात हीटिंग चालू होते का? बंद घरात पाइप फुटलेले असू शकतात.

तळ्यात_मळ्यात

हीटिंग चालू होते, मालक तेथेच राहतात. तळघर चांगले कोरडे आहे, त्याला स्वतंत्र स्नानगृहही आहे, म्हणूनच क्लोजिंगनंतर, म्हणजे व्यवहार पूर्ण झाल्यावर, सहा महिने ते कुटुंब तळघरात राहील असे आमचे ठरले आहे. ते माझ्या पत्नीचे मावसभाऊ आहेत, त्यामुळे भाड्याचा वगैरे प्रश्न नाही. परसात एक लोखंडी नळी वर आलेली आहे, ती टाकीची असते का? बाकी मंडळींनी मूळ प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही.

कागदवाला

मूळ प्रश्नाचे उत्तर आता बदलले आहे. शॉर्ट सेलला मंजुरी देताना बँका एक प्रतिज्ञापत्र घेतात आणि त्यावर विक्रेता, खरेदीदार आणि दोन्ही एजंट अशा सर्वांच्या सह्या लागतात. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात रक्ताचे, विवाहाचे किंवा व्यवसायाचे नाते नाही, आणि विक्रेता घरात राहणार आहे किंवा ते पुढे परत घेणार आहे असा कोणताही छुपा करार नाही, असे त्यात लिहिलेले असते. सामान हलवण्यापुरती, नव्वद दिवसांपर्यंतची, मुभा काही नमुन्यांत असते. सहा महिन्यांची नसते. आपण ४,३५,००० देऊ केलेत तरी हे प्रतिज्ञापत्र खरे ठरणार नाही.

जुना_पापी

पत्नीचे मावसभाऊ म्हणजे आडनाव वेगळे असणार. बँकेला कोठून कळणार आहे?

हिशेबनीस

कळो वा न कळो, कर्ज देणाऱ्या बँकेपुढे खोटे लिहून देणे हा येथे फेडरल गुन्हा आहे. मावसभाऊ सहा महिने तळघरात राहणार म्हणजे पत्ताही तोच राहणार, आणि ही गोष्ट कळायला आडनाव लागत नाही.

तळ्यात_मळ्यात

मला हे अतिशयोक्तीचे वाटते. आम्ही बाजारभावाने घेत आहोत, बँकेला तेवढेच पैसे मिळणार आहेत, त्यात फसवणूक कोणाची? घरचा माणूस अडचणीत असताना ते घर परक्याने घ्यावे, हा कुठला न्याय?

पाऊसवेडी

आपली भावना समजते. परंतु कर्जाचा एक भाग बँक सोडून देत असते, आणि नातेवाइकाने घर घेऊन कर्जदार त्याच घरात राहिला तर कर्ज बुडवून घर राखल्यासारखे होते. बँकेला नेमके तेच नको असते. नाते वकिलामार्फत बँकेला लेखी कळवा. नकार आला तर निदान चार महिने थांबून नंतर तो येणार नाही.

सदाशिव_पेठकर

मावसभावालाही पुण्यात स्वस्त पडेल.

तळ्यात_मळ्यात

दहा दिवसांनी लिहीत आहे. वकिलांनी कागदवाला यांचेच म्हणणे जवळजवळ शब्दशः सांगितले. नाते बँकेला कळवले आणि बँकेने नातेवाइकांची ऑफर विचारात घेणार नाही असे लेखी उत्तर दिले, तेही चार दिवसांत, ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. आम्ही ऑफर दिली नाही. मावसभाऊ सध्या आमच्याशी बोलत नाहीत, पण घर सर्वांसाठी खुले राहिले आहे आणि बँकेतला त्यांचा अर्ज एजंटाने आता पूर्ण केला आहे. आम्ही भाडेकरार एक वर्ष वाढवला. नळी टाकीचीच होती.

घरशोधक_०८

धागा आजच वाचला. ते घर अजून उपलब्ध आहे का, आणि टाकी रिकामी आहे की गळलेली?